श्रीहरिकोट्याची रात्र

काचबिंदू हा फार गुपचूप चालणारा आजार आहे. मोतीबिंदूसारखा तो डोळ्यांपुढे धुके आणून आपण आल्याची वर्दी देत नाही. डोळ्यातला दाब वाढत राहतो, मागची नस हळूहळू सुकत जाते आणि नजर कडेकडेने खाल्ली जाते, उंदराने भाकरीची कड कुरतडावी तशी. मधले शाबूत असते, म्हणून माणसाला वाटते की आपल्याला सगळे दिसते आहे. आमच्या अब्बांनाही तसेच वाटत होते. दारातून बाहेर पडताना चौकटीला खांदा लागू लागला, ताटातल्या कडेच्या वाट्या तशाच राहू लागल्या, तेव्हा आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची. रोज ठरल्या वेळी थेंब घालायचे आणि चुकवायचे नाहीत.

अब्बांनी सोलापुरात उर्दू शाळेत ३४ वर्षे विज्ञान शिकवले. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्यात दोन चंचुपात्रे आणि कोपरा उडालेला एक लोलक. त्यामुळे त्यांचा भर वर्तमानपत्रावर आणि रेडिओवर. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्यात आपल्या देशातून झालेल्या उड्डाणांची तारीख, यानाचे नाव आणि शेवटच्या रकान्यात 'कामयाब' किंवा 'नाकाम' एवढेच लिहिलेले असते. पहिली नोंद १० ऑगस्ट १९७९ ची : एसएलव्ही-३, नाकाम. दुसरी १८ जुलै १९८० ची : एसएलव्ही-३, कामयाब. दोन्ही तारखांशेजारी बारीक अक्षरात 'जुम्मा, रमजान' असे लिहिले आहे. आम्ही एकदा कॅलेंडर काढून पडताळा घेतला. खरेच दोन्ही दिवस शुक्रवारचे होते आणि दोन्ही वेळा रमजान सुरू होता. पहिल्या वेळी यान ३१७ सेकंदांत बंगालच्या उपसागरात कोसळले. अब्बा सांगतात की त्या संध्याकाळी मोहल्ल्याच्या मशिदीत इफ्तारनंतर हीच चर्चा होती, पण हा प्रकल्प कुणाच्या हाती आहे हे तिथे बसलेल्यांपैकी एकालाही माहीत नव्हते.

आज ते नाव शेंबड्या पोरालाही माहीत आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हे एसएलव्ही-३ चे प्रकल्प संचालक होते. आमच्या समाजात आता त्यांचे नाव खिशातल्या ओळखपत्रासारखे काढून दाखवले जाते. कुठे कुणी संशयाने पाहिले की कलामसाहेब, शाळेच्या स्नेहसंमेलनात कलामसाहेब, उमेदवाराच्या भाषणात कलामसाहेब. अब्बांना हे पटत नाही. ते वर्गात १९८० च्या आधी १९७९ शिकवत. यंत्र थांबा म्हणत असताना पुढे जाण्याचा निर्णय कुणी घेतला, यान पडल्यावर वार्ताहरांपुढे जाऊन जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेणारे सतीश धवन कोण होते आणि पुढच्या वर्षी यश मिळाल्यावर त्याच धवनांनी कलामांना वार्ताहरांपुढे का धाडले, हे ते तास-तासभर सांगत. पोरांना नापास होण्याची भीती असते, त्यांना हे आधी कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

एवढे सगळे असून अब्बांनी आयुष्यात एकही रॉकेट प्रत्यक्ष उडताना पाहिले नव्हते. आधी पैसे नव्हते, मग बहिणींची लग्ने, मग आमची शिक्षणे. शिवाय तिथे आपल्यासारख्याला जाता येते हेच ठाऊक नव्हते. सामान्य प्रेक्षकांसाठी श्रीहरिकोट्याला पायऱ्यांची गॅलरी झाली ती ३१ मार्च २०१९ ला, आणि दुसऱ्याच दिवशी पीएसएलव्ही-सी४५ चे उड्डाण लोकांनी तिथून पाहिले. ती बातमी अब्बांनी कापून वहीत चिकटवली, पण बोलले काही नाहीत.

१४ जुलै २०२३ ला दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी चंद्रयान-३ निघाले तेव्हा आम्ही सगळे टीव्हीपुढे होतो. यान वर चढले आणि काही क्षणांत अब्बा म्हणाले, "गेलं कुठं?" ते पडद्यावरच होते. उजळ निळ्या आकाशात पांढरा ठिपका. आम्हाला दिसत होता, त्यांना नाही. पुढच्या तपासणीला आम्ही डॉक्टरांना हे सांगितले. ते म्हणाले की उजेडावर फिकी वस्तू त्यांना आता सापडायची नाही. काळ्यावर पांढरी दिसेल, ठळक असेल तर आणि नजर नेमकी तिकडे असेल तर. हे 'तर' किती वर्षे टिकेल, असे आम्ही विचारले. त्यावर त्यांनी नुसतेच थेंबांचे नवे नाव लिहून दिले.

तेव्हापासून आमच्या घरात 'रात्रीचे रॉकेट' हा शब्द आला.

रात्रीचे उड्डाण काही बघणाऱ्यांच्या सोयीने ठरत नाही. उपग्रहाची ठरलेली कक्षा आकाशात जणू एक कडे असते, आणि पृथ्वी फिरता फिरता श्रीहरिकोटा त्या कड्याखाली येते त्याच सुमाराला यान सोडावे लागते. फाट्यावरून जाणारी एस. टी. आपल्यासाठी थांबत नाही, आपणच वेळेवर फाट्यावर उभे राहायचे, तसे. ती वेळ कधी भर दुपारी येते, कधी मध्यरात्री. जुन्या नोंदी चाळल्या तर १ जुलै २०१३ ला रात्री ११ वाजून ४१ मिनिटांनी पीएसएलव्ही-सी२२ गेले होते. २३ ऑक्टोबर २०२२ ला रात्री १२ वाजून ७ मिनिटांनी त्याहून कितीतरी मोठे एलव्हीएम-३ हे यान ३६ उपग्रह घेऊन गेले होते. मध्येच वर्षभर एकही रात्र मिळत नाही असेही होते. २०२४ च्या डिसेंबरात ती मिळाली. पीएसएलव्ही-सी६०, ३० डिसेंबर, सोमवार, रात्री ९ वाजून ५८ मिनिटे. अंतराळात दोन उपग्रह एकमेकांना जोडण्याचा प्रयोग, नाव स्पेडेक्स. थोरल्या लेकीने पंचांग पाहून सांगितले की त्या दिवशी अमावस्या आहे. अब्बा म्हणाले, "मग आकाशात दुसरं कुणी नाही." त्यांनी हे इतक्या शांतपणे म्हटले की आमचा निर्णय तिथेच झाला.

निर्णय झाला, पण तारखेचा काय भरवसा? त्याच महिन्यात ४ तारखेचे उड्डाण शेवटच्या तासात थांबवून दुसऱ्या दिवशी केले होते. १५ जुलै २०१९ ची गोष्ट तर वहीत लाल शाईने आहे. चंद्रयान-२ पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी निघायचे होते आणि ५६ मिनिटे २४ सेकंद उरली असताना घड्याळ थांबले. लांबलांबून आलेली माणसे त्या रात्री तशीच परत गेली. यान आठवड्याने, २२ जुलैला, भर दुपारी उडाले. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी विचारले, "तारीखच पक्की नसेल तर एवढा खर्च करून जायचं कसं?" प्रश्न बरोबर होता, पण चुकीच्या माणसांना विचारला गेला होता. ज्या घरात शीरखुर्म्याचे दूध आदल्या रात्री चाँद दिसल्यावर आणायचे असते, ज्या घरातला नोकरदार ईदच्या रजेचे दोन अर्ज लिहून ठेवतो, त्या घराला 'उद्या किंवा परवा' हे काही नवीन नाही. आम्ही आयुष्यभर आकाशाकडे बघूनच सुट्ट्या घेतल्या आहेत. दोघांनीही शाळेत ३० आणि ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी अशा तीन किरकोळ रजा टाकल्या. एक दिवस जाण्याचा, एक दिवस चाँद न दिसल्याचा.

गॅलरीची नोंदणी संकेतस्थळावर करावी लागते. पैसे पडत नाहीत, पण जागा भराभर संपतात. लेक मोबाईल घेऊन बसली आणि चौघांची नावे-नंबर एका दमात भरून मोकळी झाली. रेल्वेचे जास्त अवघड निघाले. वर्षअखेरीची गर्दी, त्यात तिरुपतीकडे जाणाऱ्या गाड्या. मुंबईहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या सोलापूरवरूनच जातात, ही एक मेहेरबानी. आम्ही चेन्नईपर्यंत न जाता अलीकडे रेणिगुंट्याला उतरायचे ठरवले. तिथून श्रीकालहस्ती, नायडुपेटा करीत सुळ्ळुरपेटला गाडीने जाता येते. सुळ्ळुरपेट हे श्रीहरिकोट्याच्या दारातले गाव. तत्काळची तिकिटे मिळाली आणि आम्ही लॉजला फोन करू लागलो.

एका लॉजवाल्याने आधी हिंदीत सांगितले की खोली आहे. मग नाव विचारले. नाव ऐकल्यावर थांबला आणि म्हणाला, पाहून सांगतो. पुन्हा फोन केला तर खोली नव्हती. आता खोल्या खरेच भरल्या असतील. उड्डाणाच्या दिवसांत त्या गावात पाय ठेवायला जागा नसते असे पुढे आम्हीच पाहिले. पण इतरांना असा नकार एकदाच पचवावा लागतो, आम्हाला तो दोनदा पचवावा लागतो. एकदा नकार म्हणून, आणि मग तो कशाचा नकार होता याचा विचार करीत. दुसऱ्या लॉजवर मिळाली खोली. तिथेही नाव विचारलेच होते.

घरातला विरोध धाकट्या फुफीने केला. ती जुन्या गावठाणात राहते आणि तिला सगळ्या बातम्या माहीत असतात. अब्बांपुढे बसून म्हणाली, "भाईजान, तिथं बंदूकवाल्यांचा पहारा असतो. तुम्ही दाढीवाले, सोबत पिशव्या, डबे, रात्रीची वेळ. कुणी अडवलं, काही विचारलं, तर तुम्हाला नीट दिसतही नाही. हे दिवस कसले आहेत? घरात टीव्ही आहे ना?"

अब्बा म्हणाले, "तिथून पहिला उपग्रह ज्यानं सोडला त्याचं नाव काय होतं ग?"

"ते कलामसाहेब होते. तुम्ही मास्तर आहात," फुफी म्हणाली.

यावर अब्बांना उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही नाही. फुफीची भीती वेड्या बाईची भीती नव्हती. आम्ही तिला हसलो नाही. फक्त कागदांची पिशवी मोठी केली. चौघांची आधार कार्डे, त्यांच्या प्रती, नोंदणीचे कागद, आमची शाळेची ओळखपत्रे, अब्बांचे पेन्शनचे पुस्तक, डॉक्टरांची चिठ्ठी. लेकीने तर गंमत म्हणून अब्बांची लाल वहीही वर ठेवली. ती गंमत होती की नव्हती, हे आम्ही तिला विचारले नाही.

खरी चिंता वेगळीच होती. रात्र रॉकेट दिसायला चांगली, पण अब्बांना चालायला वाईट. अंधारात त्यांना पायाखालचे काहीच दिसत नाही, आणि गॅलरी पायऱ्यांची. म्हणजे उजेड आहे तोवर जागेवर जाऊन बसायचे आणि सगळी गर्दी ओसरल्यावरच उठायचे. दुसरे म्हणजे थेंब. रात्री नऊचा थेंब घातला की काही वेळ सगळे धूसर होते. डॉक्टरांना विचारून त्या दिवसापुरती वेळ अलीकडे घेतली. तिसरे, आणि सगळ्यांत अवघड, मान. अब्बांना आता नळीतून पाहिल्यासारखे दिसते. रॉकेट काही नळीत थांबत नाही. त्यांना आधीच नेमकी दिशा दाखवावी लागणार आणि मग यान चढेल तशी मान वर न्यावी लागणार.

म्हणून आम्ही गच्चीवर तालीम केली. धाकट्याने बांबूच्या टोकाला बॅटरी बांधली आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये जाऊन उभा राहिला. थोरली अब्बांच्या मागे बसली, एक हात त्यांच्या मानेवर, एक हनुवटीखाली. "निघालं," असे धाकटा ओरडायचा आणि बांबू वर उचलायचा. पहिल्या दिवशी प्रकाश दर वेळी सुटला. जुन्या उड्डाणांच्या चित्रफिती लावून लेकीने सेकंद मोजले आणि सांगितले की सुरुवातीला यान आपल्याला वाटते तितके पटकन चढत नाही, नंतर वेग घेते. मग बांबू त्या हिशेबाने वर जाऊ लागला. तिसऱ्या रात्री शेजारच्या देशमुख काकू गच्चीवर येऊन विचारून गेल्या की म्हाताऱ्या माणसाचा व्यायाम चालला आहे का. अब्बांनी त्यांना पीएसएलव्हीचे चार टप्पे समजावून सांगितले. पहिला आणि तिसरा घन इंधनाचा, दुसरा आणि चौथा द्रव. घन इंधनात ॲल्युमिनियमची पूड असते, फुलबाजीत असते तीच, म्हणून उजेड एवढा लखलखीत. पहिल्या टप्प्यात असे १३९ टन इंधन. काकू म्हणाल्या, "म्हणजे १३९ टनांची फुलबाजी." अब्बांना ही व्याख्या फार आवडली. गाडीत ते ती सगळ्यांना सांगत होते.

शिदोरीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि खजूर घेतले. सोलापूरकराला प्रवासाला दुसरे काय लागते? बसायला दोन चादरी. २८ तारखेला रात्री गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी रेणिगुंट्याला उतरलो. प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. फक्त धाकट्याने विचारले की रॉकेट सोडायला इतक्या लांब, समुद्राकाठीच का? अब्बांनी वाटीभर खजुरांवर धडा घेतला. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्या जागी तिचा वेग सेकंदाला साडेचारशे मीटर आहे, पूर्वेकडे सोडलेल्या यानाला तेवढा धक्का फुकट मिळतो. आणि सुटलेले टप्पे पडतात ते समुद्रात, कुणाच्या घरावर नाही.

सुळ्ळुरपेटहून श्रीहरिकोट्याला जाणारा रस्ता पुलिकत सरोवर ओलांडतो. दोन्ही बाजूंना उथळ, खारे पाणी आणि हिवाळ्यात त्यात उभे असलेले रोहित पक्षी. आम्ही ३० तारखेला दुपारीच निघालो होतो. गाडी थोडी थांबवली. पाणी उन्हाने चकाकत होते आणि लांबवर गुलाबी-पांढरी रांग. अब्बांना काही दिसेना. थोरली सांगू लागली, पाय असे लांब, चोच अशी वाकडी, पंख उघडले की आतून लाल. या पक्ष्याला मराठीत रोहित म्हणतात तसे अग्निपंखही म्हणतात. कलामसाहेबांच्या आत्मकथनाच्या मराठी अनुवादाचे नावही 'अग्निपंख'च आहे. अब्बांनी ते पुस्तक दोनदा वाचले आहे, एकदा उर्दूत आणि एकदा माधुरी शानभागांच्या मराठीत. पण हा पक्षी त्याच बेटाच्या दारात उभा असतो हे त्यांना माहीत नव्हते. ते बराच वेळ त्या दिशेला तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "चला, ऊन फार आहे."

दारावर तपासणी झाली. गणवेशातल्या माणसाने आधार कार्ड घेतले, नाव वाचले, चेहरा पाहिला, यादीत खूण केली आणि पुढे व्हा म्हणून हात केला. चौघांचे मिळून एक मिनिटही लागले नसेल. पेन्शनचे पुस्तक, शाळेची ओळखपत्रे, चिठ्ठी, वही, कशालाच हात लागला नाही. त्या एका मिनिटाची तयारी आम्ही आठ दिवस करीत होतो. पलीकडे गेल्यावर आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून उगाचच हसलो. संध्याकाळी फुफीला फोन करून सांगितले. ती म्हणाली, "अजून परत यायचं आहे."

गॅलरीत खालच्या बाजूला, पायऱ्या कमी चढाव्या लागतील अशी जागा मिळाली. शेजारी एक तेलुगू कुटुंब होते. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना. त्यांच्यातल्या आजीबाईंनी अब्बांचा हात धरून बसण्याची पद्धत पाहिली आणि आपल्या नातवाला उठवून कडेची जागा दिली. आम्ही भाकरी-चटणी पुढे केली. तिखट लागल्यावर आंध्रचे लोकही डोळे पुसतात हे त्या दिवशी कळले. एका कडेला चादर टाकून मुसाफिराची कसर नमाज आटोपली. अंधार पडला. खरेच आकाशात दुसरे कुणी नव्हते.

मग कळले की उड्डाण दोन मिनिटे पुढे गेले आहे, आता १० वाजता. वर दुसरा एखादा उपग्रह वाटेत येण्याचा धोका टाळण्यासाठी. लोकांत कुजबुज झाली. अब्बा म्हणाले, "दोनच मिनिटं ना? आपण ईदला अख्खा दिवस थांबतो." थोरलीने त्यांच्या मानेवर हात ठेवला. गच्चीवर सहज ठेवायची तो हात आता गार पडला होता.

उलटी गणती सगळ्यांनी मिळून म्हटली, जो तो आपल्या भाषेत. शून्यानंतर एक क्षण काहीच नाही. मग झाडांच्या रेषेमागे उजेड फुटला. तो पिवळा म्हणावा की पांढरा, सांगता येत नाही. आवाज अजिबात नाही. ४४ मीटर उंचीचे, २२९ टन वजनाचे यान वर येते आहे आणि आवाज नाही. अंधारात बसलेल्या हजारो माणसांचे चेहरे एकदम दिसू लागले. आम्ही रॉकेटकडे पाहायचे सोडून अब्बांकडे पाहिले. त्यांचे तोंड योग्य दिशेला होते. लेक मान वर उचलू लागली तसे त्यांनी तिचा हात बाजूला केला. "काढ हात. दिसतंय."

तेवढ्यात आवाज आला. प्रकाश आधी आणि आवाज मागून, हे अब्बांनी ३४ वर्षे विजेचे आणि गडगडाटाचे उदाहरण देऊन शिकवले. किती सेकंदांनी येतो ते मोजायचे काम धाकट्याकडे होते, पण गणती सुरू करायला त्याचे तोंडच उघडे राहिले होते. तो आवाज कानाला नव्हे, बरगड्यांना लागतो. फटाके वाजत असावेत तसा तडतडत, पण खोल. शेजारच्या आजीबाईंनी दोन्ही हात जोडले होते. अब्बांच्या ओठांवर काय होते ते आवाजात ऐकू आले नाही.

यान सावकाश तिरके होत समुद्रावर गेले. दीड-पावणेदोन मिनिटे तो उजेड टिकला, मग पहिला टप्पा संपला आणि उजेड आक्रसला. दुसरा टप्पा पेटला तेव्हा आम्हाला एक तारा सरकताना दिसत होता.

"आता कुठं आहे?" अब्बांनी विचारले.

"आता बारीक आहे, अब्बा. ताऱ्याएवढं. तुमच्या डाव्या हाताला, जरा वर."

त्यांनी मान वळवली. लेकीनेही पुन्हा हात लावून पाहिला. "नाही," ते म्हणाले. "ते आता मला नाही दिसत. तुम्ही बघा." आणि ते खाली बघत बसले, झाडांमागे जिथून उजेड फुटला होता त्या बाजूला. धुराचा ढग तिथे अजून होता, म्हणे. आम्हाला तर तो अंधारात दिसत नव्हता. त्यांना दिसत होता की वास येत होता, कोण जाणे.

गर्दी ओसरेपर्यंत आम्ही तासभर बसून होतो. परत निघताना अब्बांना अंधारात पायऱ्या उतरवणे तालमीपेक्षा अवघड गेले. तेलुगू कुटुंबातल्या त्या नातवाने मोबाईलचा उजेड धरला आणि गाडीपर्यंत धरून आणला. एक राखीव दिवस उरला होता, तो लॉजमध्ये झोपून काढला. सोलापूरला पोचल्यावर फुफी दारातच उभी होती. तिने सगळ्यांत आधी विचारले, "कुणी काही बोललं का?" मग विचारले, "कसं होतं?" अब्बांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला दोन तास घेतले.

१६ जानेवारी २०२५ ला ते दोन उपग्रह, प्रत्येकी सुमारे २२० किलोचे, अंतराळात एकमेकांना जोडले गेले. अमेरिका, रशिया आणि चीननंतर हे जमलेला आपला चौथा देश. त्याआधी आणखी एक बातमी आली होती. त्याच यानाच्या चौथ्या टप्प्यावर एका लहान पेटीत चवळीचे आठ दाणे पाठवले होते आणि त्यांना चार दिवसांत मोड आले. अब्बांनी ती बातमी आमच्याकडून दोनदा वाचून घेतली आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरातून आठ दाणे मोजून भिजत घालायला लावले. आमच्या चवळीला दुसऱ्याच दिवशी मोड आले. अब्बा म्हणाले की ही तुलना बरोबर नाही, तिथे वजन नसते आणि पाणी वर-खाली कुठे जायचे हेच त्याला कळत नाही. मग वहीत सी६० च्या नोंदीखाली त्यांनी चवळीसाठी वेगळी ओळ आखायला सांगितली. आता त्यांना ओळ सरळ आखता येत नाही, ती धाकट्याने आखली. शेवटच्या रकान्यातला 'कामयाब' मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला, जरा मोठ्या अक्षरात, रेघेच्या वर.